आधी टाकी मोज, मग सोबती शोध

ऑस्कर मासा मेला नाही, तू मारलास. हे आधी स्वतःशी कबूल कर आणि मगच ‘त्याच्या जागी आता दुसरं काय टाकू, सर?’ हा प्रश्न तोंडातून काढ.

‘मासे आपसांत भांडले’ असं सांगून तू मोकळा झालास. भांडायला त्यांना एकत्र आणलं कोणी? ॲमेझॉनच्या खोऱ्यात पावसाळ्यात नदी जंगलात शिरते. तिथे हरलेला मासा पळ काढतो, बुडालेल्या झाडांच्या मुळांत दडून बसतो आणि जगतो. तुझ्या हॉलमधल्या टाकीत त्याला पळायला चार फूट आणि लपायला फिल्टरचा पाइप. चार फुटांवर काच लागली की पळणं संपलं. मग दुबळ्याने दिवसरात्र मार खायचा आणि तू सकाळी उठून त्याला जाळीने बाहेर काढायचं. याला अपघात म्हणत नाहीत. कोणी कोणाशेजारी राहायचं हे त्या माशांनी ठरवलं नव्हतं, तू ठरवलंस. करून सवरून नामानिराळा राहू नकोस.

तू चहा सांगायला आत गेलास तेवढ्या वेळात मी काय पाहिलं ते ऐक. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच काच. तिच्यात एक सिल्व्हर अरोवाना, उरलेला एक ऑस्कर, एक रेड टेल कॅटफिश, दुकानात ‘शार्क’ म्हणून देतात तो एक पंगासियस, दोन सकर आणि खाली गोल्डफिश. अरोवाना वळायला लागला की त्याचं अंग मुडपत होतं आणि शेपूट मागच्या काचेला घासत होतं. डाव्या कुशीवरचे दोन खवले निघालेले, त्या जागी पांढरी बुरशी धरलेली. ऑस्कर पाइपामागे तिरका उभा होता. शेपटीचा पर चिरफाळलेला, कल्ल्यांची भराभर उघडमीट चाललेली. कॅटफिश तळाशी पडून होता, पोट तट्ट फुगलेलं. गोल्डफिश चार आहेत असं तू म्हणाला होतास. मी पुन्हापुन्हा मोजले. तीनच होते.

त्या टाकीत कोणीही कोणाचा सोबती नव्हता. काही एकमेकांचे वैरी होते, काही दुसऱ्यांचं खाणं होते, आणि तुला तो भरलेला, रंगीत देखावा वाटत होता.

आता तुझ्या चुका एकेक करून सांगतो. मान खाली घालू नकोस, लक्ष दे.

पहिली चूक दुकानातच झाली. बोटभर पिल्लू पाहून तू मासा घेतलास आणि पुढे त्याचं काय होणार हे विचारलं नाहीस. रेड टेल कॅटफिश तीन इंचांचा असतो तेव्हा कोणालाही घ्यावासा वाटतो. काळी पाठ, पांढरी कूस, शेंदरी शेपटी. पूर्ण वाढला की तो चार फुटांच्या पुढे आणि चाळीस किलोंच्या पुढे जातो. तुझी टाकीच चार फुटांची आहे. सिल्व्हर अरोवाना तीन फुटांपर्यंत जातो. ऑस्कर फूटभर, कधी त्याहून थोडा मोठा. तो ‘शार्क’ तर शार्कच नव्हे. मेकाँग आणि तिच्या शेजारच्या नद्यांतला, थव्याने राहणारा, चार फुटांपर्यंत वाढणारा मासा आहे तो. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ज्याचे तुकडे ताटात येतात त्यांत बहुतेक वेळा हाच असतो. जात घाबरट. दिवा लागला, दार आपटलं की सुसाट सुटतो आणि काचेवर थडकतो. त्याच्या नाकावरचा लाल व्रण मला दाखवून तू ‘हा फार खेळकर आहे’ म्हणालास. जखमेला खेळ म्हणू नकोस.

‘टाकीच्या मापानेच मासा वाढतो’ हे वाक्य यापुढे माझ्यासमोर उच्चारायचं नाही. कोंडलेल्या, घाण साचलेल्या पाण्यात मासा खुरटतो हे खरं. पण खुरटणं म्हणजे मापात राहणं नव्हे. त्याचा कणा वाकतो, अंग बेढब होतं, रोग पटकन जडतात आणि जो मासा दहा-पंधरा वर्षं जगला असता तो दोन-तीन वर्षांत संपतो. मासा ओरडत नाही म्हणून तुला ते दिसत नाही.

दुसरी चूक, तू तोंड मोजलं नाहीस. भक्षक मासा शेजाऱ्याची जात विचारत नाही, त्याचं माप घेतो. कॅटफिश चावत बसत नाही. जबडा एकदम उघडतो, पाण्याचा लोट आत खेचतो आणि समोरचा मासा त्या लोटाबरोबर पोटात जातो. म्हणून सोबत्याची नुसती लांबी पाहून चालत नाही, त्याच्या अंगाची उंची पाहावी लागते. आठ इंचांचा सडपातळ मासा गिळला जातो, तर सहा इंचांचा उभट, ताटलीसारखा सिल्व्हर डॉलर तोंडात मावत नाही म्हणून वाचतो. आणि आज मावत नाही म्हणजे सहा महिन्यांनी मावणार नाही असं नाही, कारण गिळणारा रोज वाढतो आहे. काटेरी छोटे कॅटफिश ‘तळ साफ करतील’ म्हणून सोडायचे तर तेही धोक्याचं. गिळले जाताना ते परांचे काटे ताठ करतात, काटा मोठ्या माशाच्या घशात रुततो आणि दोघेही जातात.

हे ज्ञान परदेशातून यायला हवं होतं असं नाही. आपल्या मराठवाड्यात शेततळ्यात कटला-रोहूची बोटुकली सोडण्याआधी जाणता शेतकरी काय करतो ते विचार. तळं आटवतो, ते जमत नसेल तर मोहाची पेंड टाकतो आणि मरळ, शिवडा असले खादाड मासे आधी काढून टाकतो. बोटुकली आणि मरळ एका पाण्यात ठेवले तर हंगामाअखेर फक्त मरळ उरेल हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. तू प्राणिशास्त्रात पदवी घेतलीस आणि चांगले पैसे देऊन नेमकी तीच चूक घरात आणलीस. याचा मला राग आहे.

तिसरी चूक स्वभावाची आणि थराची. अरोवानाचं तोंड वर वळलेलं असतं, कारण तो पृष्ठभागावरचा शिकारी आहे. फांदीवरचा किडा उडी मारून टिपतो. त्याला वरचा थर मोकळा हवा आणि टाकीवर जड, घट्ट झाकण हवं. त्याच थरात दुसरा अरोवाना किंवा गार जातीचा मासा आणलास की मारामारी ठरलेली. ऑस्कर मधल्या थरात राहतो, पण तो सिक्लिड आहे. सिक्लिड जागा धरतो, जोडी जमली की अंड्यांपाशी कोणाला फिरकू देत नाही. फ्लॉवरहॉर्नबद्दलही तू विचारलंस. तो माणसाने संकरातून घडवलेला, टोकाचा तापट मासा. त्याचा सोबती म्हणजे रिकामी जागा. आणि सकर? लहानपणी शेवाळ खातो. मोठा झाला की रात्री संथ, रुंद माशांच्या अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर खरवडतो. तो थर म्हणजे माशाचं चिलखत. अरोवानाच्या कुशीवरची बुरशी कुठून आली याचा विचार तिथून सुरू कर. गोल्डफिश तर थंड पाण्यातला मासा. ॲमेझॉनचा मासा अठ्ठावीस अंशांत सुखी असतो, गोल्डफिशला वीस-बावीस बरे. म्हणजे खाल्ला गेला नसता तरी तो तिथे उष्णतेने शिजत होता.

आता सर्वांत मोठी चूक, आणि ती खास आपल्या गावातली आहे. तू मासे मोजलेस, पाणी मोजलं नाहीस.

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाला पाण्याचा हिशेब सांगावा लागावा याचं मला वाईट वाटतं. आपल्या नळाला येणारं पाणी पैठणच्या नाथसागरातून, पन्नासएक किलोमीटरवरून उपसून आणलेलं असतं. त्याचं धरण १९७६ साली राष्ट्राला अर्पण झालं, आणि तरी वर्षानुवर्षं या शहराने पाच-पाच, आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट पाहिली आहे. घराघरांत निळे ड्रम भरून ठेवलेले असतात. तुझ्या घरीही आहेत, मी मागच्या गॅलरीत पाहिले.

आता आकडे घे. एक घनफूट म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास. तुझी टाकी नऊ घनफुटांची, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण २५५ लिटर. या माशांना अगदी सुरुवातीला लागणारी सहा बाय दोन बाय दोनची टाकी ६८० लिटरची होते. मांसाहारी माशाची विष्ठा प्रथिनांची, त्यातून अमोनिया निघतो. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात. हे जिवाणू नव्या टाकीत नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तू टाकी भरलीस त्याच संध्याकाळी मासे सोडलेस. पुढे नायट्रेट काढायला एकच खात्रीचा उपाय, पाणी बदलणं. आठवड्याला एक तृतीयांश धरलं तरी ६८० लिटरच्या टाकीला सव्वादोनशे लिटर लागतात. म्हणजे दर आठवड्याला एक अख्खा ड्रम आणि वर दोन बादल्या. तुझ्या आईने रात्री जागून भरलेला ड्रम तू माशांना ओतणार आहेस का, हे मला डोळ्याला डोळा भिडवून सांग. ओतणार नसशील तर तेवढे मासे पाळायचा तुला अधिकार नाही.

नळ आला नाही म्हणून तू बोअरचं पाणी टाकतोस. आपला सगळा भाग बेसाल्ट खडकाचा. बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं. पीएच सातवरून आठवर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दसपट होतो. तुझी टाकी महिन्यापूर्वी ‘चांगली चालली होती’ आणि टँकरचं किंवा बोअरचं पाणी पडल्यावर दोन दिवसांत बिघडली, यात नवल काही नाही. नळाच्या आणि टँकरच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते काढल्याशिवाय पाणी टाकलंस की फिल्टरमधले जिवाणूही मरतात आणि माशांचे कल्लेही भाजतात.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेला की पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत टाकीचं पाणी बत्तीस-तेहतीस अंशांवर जातं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी, आणि माशांची गरज मात्र वाढलेली. अशा दुपारी वीज गेली आणि फिल्टर बंद पडला तर दाटीच्या टाकीतला सर्वांत मोठा मासा आधी जातो. बॅटरीवर चालणारा एअर पंप तुझ्याकडे नाही. मी विचारलं, तू विषय बदललास.

आणखी एक गोष्ट, आणि ती मी खपवून घेणार नाही. मित्र आले की तू जिवंत गोल्डफिश कॅटफिशपुढे टाकतोस आणि मोबाइलवर चित्रण करतोस. ‘नैसर्गिक आहे’ म्हणालास. नदीत भक्ष्याला पळायला वाट असते. काचेच्या डब्यात त्याला ती नाही. शिवाय तुझ्या कॅटफिशचंही यात नुकसानच आहे. गोल्डफिशच्या मांसात ब १ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं. रोज तेच खाल्लं की भक्षकाला जीवनसत्त्वाची कमतरता होते. दुकानातल्या स्वस्त, आजारी ‘फीडर’ माशांबरोबर जंतू आणि परजीवी फुकट घरी येतात. पेलेटची सवय लाव. कोळंबी, मासळीचे तुकडे दे, लहान असताना रोज थोडं आणि मोठेपणी आठवड्यातून दोन-तीनदा. पोट भरलेला भक्षकही भक्षकच राहतो, पण उपाशी भक्षकापेक्षा शेजाऱ्याला कमी त्रास देतो.

आता तू विचारशील, मग सोबती होऊच शकत नाही का? होऊ शकतो. रागावलो म्हणून शिकवायचं सोडणार नाही.

अरोवानाला वरचा थर दे. खाली पॉलिप्टेरस, ज्याला बिचिर म्हणतात, तो चांगला. पण निदान फूटभर झालेला. अंगावर कडक खवल्यांचं कवच असतं, तळाशी राहतो, नजर अधू असल्याने वास घेत खातो. तो वर येऊन हवाही घेतो, म्हणून झाकणाखाली थोडी जागा हवी, आणि झाकणाला फट नको, कारण तो निसटतो. मधल्या थरात सिल्व्हर डॉलर, तेही सहाच्या थव्याने. एकटादुकटा ठेवला तर भेदरतो. पिऱ्हानाचे हे नातेवाईक झाडपाला खाणारे आहेत, म्हणून टाकीतली खरी झाडं ते शिल्लक ठेवणार नाहीत. मात्र ही मंडळी जमवायची तर टाकी सुरुवातीला सहा फुटांची, आणि अरोवाना पूर्ण वाढल्यावर आठ फुटांची, निदान अडीच-तीन फूट रुंद. लांबीपेक्षा रुंदी महत्त्वाची, कारण मासा वळतो रुंदीत. ६८० लिटर पाणी म्हणजे ६८० किलो. काच, दगड, स्टँड वेगळे. वरच्या मजल्यावर ठेवायची तर आधी घर बांधणाऱ्याला विचार.

प्रत्येक नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेव. सगळे जवळपास एका मापाचे घे. शांत मासे आधी सोड, तापट शेवटी. जो आधी येतो तो जागा आपली समजतो. नवा मासा सोडताना दगड-लाकडांची मांडणी बदल म्हणजे जुन्यांची हद्द मोडते. पहिले काही दिवस दिवे मंद ठेव. आणि हे सगळं करूनही जुळेलच असं नाही. एकाच जातीचे दोन ऑस्कर दोन वेगळ्या स्वभावांचे निघतात. म्हणून जाळीचा पडदा आणि रिकामी चालू टाकी तयार असल्याशिवाय दुसरा मासा आणायचा नाही. बळी तो कान पिळी हे टाकीत रोज घडतं. ते थांबवण्याची ताकद फक्त तुझ्या हातात आहे.

रेड टेल कॅटफिशला मात्र मी सोबती सुचवणार नाही. तो घरातल्या टाकीचा मासाच नाही. त्याला मोठा हौद असलेल्या, जाणत्या माणसाकडे दे.

आणि इथे तू जे बोललास त्याने मी खरा संतापलो. ‘फारच मोठा झाला तर हर्सूलच्या तलावात सोडीन.’ हर्सूलचं पाणी शहरातल्या वस्त्या पितात. सलीम अली सरोवर पक्ष्यांसाठी राखलेलं आहे. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि काठच्या मच्छीमारांचं पोट त्यातल्या माशांवर चालतं. उजनी धरणात काय झालं ते बघ. काचेच्या टाक्यांतून सुटलेला सकर तिथे इतका माजला की मच्छीमारांच्या जाळ्यात तोच येतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये भोपाळच्या तलावात आणि मे महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला. उत्तर अमेरिकेतला, आठ फुटांपर्यंत जाणारा तो मासा तिथे पोहत आला नाही. तुझ्यासारख्याच कोणाची टाकी लहान पडली होती. आफ्रिकन मागूरला आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे, आणि उजनीच्या काठची त्याची चोरटी तळी सरकारला नष्ट करावी लागली. एकदा परका भक्षक पाण्यात रुजला की त्याला परत बोलावता येत नाही. तलाव, विहीर, बारव, खाम नदी, कुठेही मासा सोडायचा नाही. यावर हे माझं शेवटचं बोलणं समज.

दुकानदार ‘आशियाई अरोवाना स्वस्तात देतो’ म्हणाला तर तिथून उठून ये. तो मासा आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षित आहे, आणि वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यापासून असे प्राणी बाळगणाऱ्याला रीतसर नोंदणी करावी लागते. कागद नसलेला मासा घरात आणायचा नाही.

मी एवढं बोललो कारण तुला माशांची खरी आवड आहे. वर्गात माशाचा कल्ला सुईने उघडून दाखवताना तुझा हात सर्वांत हलका असायचा, ते मी विसरलेलो नाही. पण आवड म्हणजे जबाबदारीतून सूट नव्हे. हौसेला मोल नसतं असं म्हणतात; तुझ्या हौसेचं मोल आजवर माशांनी भरलं आहे. यापुढे ते तू भरायचं.

तेव्हा हे काम कर. आजच ऑस्करला वेगळं काढ, अरोवानाच्या जखमेवर उपचार सुरू कर, दोन्ही सकर बाहेर घे आणि उरलेले तीन गोल्डफिश वेगळ्या टबात ठेव. मग वहीत पाच गोष्टी लिही: प्रत्येक माशाची पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी, टाकीचं लिटरमधलं माप, आठवड्याला बदलायला लागणारं पाणी आणि ते कुठून येणार, आत्ताचा अमोनिया आणि पीएच, आणि वीज गेल्यावर चालणारी सोय. पाचही रकाने भरून वही घेऊन ये, मग सोबत्याचं बोलू. तोवर दुकानाची पायरी चढायची नाही.